कॅम कू हात नक्को

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आमच्या स्वयंपाकघरात भाकरीचं पीठ मळलं, की त्यातला बोराएवढा गोळा मी उचलून न्यायचो. पहिल्या दिवशी सौभाग्यवतींना वाटलं, मुंग्यांना घालतो की काय. दुसऱ्या दिवशी त्या मागोमाग पडवीत आल्या आणि मी तो गोळा बुलेटच्या पिस्टनवर चिकटवताना पाहून म्हणाल्या, "अहो, आता तिलाही भाकरी लागते का?"

लागते. का लागते, ते पुढे येईलच.

आमचं राजेश्वर बीदर जिल्ह्यात, बसवकल्याण तालुक्यात. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, दोन्हींच्या साधारण मध्यावर. पूर्वी हा ९ नंबरचा हायवे होता, आता ६५ चा झाला. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि गॅरेजात दखनी, अशी आमची वाटणी. मी मराठी शाळेत ३२ वर्षं गणित आणि विज्ञान शिकवलं. गावात मला मास्तरच म्हणतात, आणि ज्यांच्याकडून मी इंजिन शिकलो ते सस्तापूर बंगल्याकडचे उस्तादही मास्तरच म्हणायचे. पण त्यांच्या तोंडी त्याचा अर्थ 'वहीवाला माणूस' असा असे.

बुलेट अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. १९६८ सालची, ३५० ची. अण्णांनी ती १९७४ मध्ये सोलापुरातून जुनीच आणली. बुलेट हे नाव इंग्लंडच्या रॉयल एनफील्डने १९३२ पासून लावलं. आपण ओळखतो तो साचा १९४९ चा. आपल्या लष्कराला तो पटला, म्हणून १९५५ पासून मद्रासला त्याची जोडणी सुरू झाली. पुढे इंग्लंडातला कारखाना बंद पडला, मद्रासचा चालत राहिला. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची धाव ९०. गणित केलं की ३४६ घन सेंटिमीटर होतात. ताकद १८ अश्वशक्तीच्या आसपास. आजच्या पोरांच्या गाड्यांपुढे ही संख्या सांगायची लाज वाटावी इतकी कमी, पण तिच्या पाठीवर अण्णा, आई, मी आणि ज्वारीचं अर्धं पोतं असे उमरग्याहून आलेलो आहोत.

मी निवृत्त झालो तेव्हा ती ओढेनाशी झाली होती. हायवेच्या उड्डाणपुलावर तिसऱ्यात टाकल्याशिवाय चढेना. एका माजी विद्यार्थ्याने सांगितलं, "सर, कॅम बदला, हेड पोर्ट करा, रॉकेट होईल." त्या एका वाक्याने माझी चार वर्षं घेतली.

कॅम म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. वाटोळ्या चकतीला एका बाजूला नाक काढावं तसा त्याचा आकार. चकती फिरते, नाक वर आलं की ते टॅपेटला उचलतं, टॅपेट लांब पुशरॉडला, पुशरॉड वरच्या रॉकरला, आणि रॉकर शेवटी हेडमधला वॉल्व्ह दाबून उघडतो. एक वॉल्व्ह पेट्रोल मिसळलेली हवा आत घेतो, दुसरा जळका धूर बाहेर सोडतो. बुलेटमध्ये दोघांचे कॅम वेगवेगळे. उजव्या बाजूच्या झाकणाखाली दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकलेली असतात, आणि प्रत्येकाच्या अंगालाच कॅम असतो. क्रँकचे दोन फेरे झाले की यांचा एक.

विद्यार्थ्यांना मी विचारायचो: पिस्टन खाली जाऊ लागला की वॉल्व्ह उघडावा आणि तळाला पोचला की मिटावा, बरोबर? सगळे हो म्हणायचे. सगळे चूक. हुमनाबादच्या स्टँडवर बस लागली, की दार उघडायच्या आधीपासून रेटा सुरू होतो, आणि कंडक्टरने शिट्टी मारली तरी मागचे चढतच असतात, कारण एकदा धावत सुटलेला माणूस दारात थांबत नाही. हवेचंही तसंच. तिलाही वजन आहे, तिलाही वेग धरायला आणि सोडायला वेळ लागतो. म्हणून बुलेटचा आत घेणारा वॉल्व्ह पिस्टन माथ्याला पोचण्याआधी ३० अंशांवर उघडतो आणि तळ सोडून ६० अंश वर आल्यावर मिटतो. धुराचा वॉल्व्ह तळाच्या ७५ अंश आधी उघडतो, माथ्याच्या ३५ अंश पुढे मिटतो. मधले ६५ अंश दोन्ही दारं उघडी. मागच्या दाराने उतरणारी गर्दी पुढच्या दारातून चढणाऱ्यांना ओढून घेते, असं समजा.

शर्यतीचा कॅम म्हणजे ही दारं जास्त वेळ उघडी ठेवणारा कॅम. इंजिन वेगात असेल तर फायदाच. पण सावकाश चालताना वॉल्व्ह उशिरा मिटला, तर आत आलेली हवा पिस्टन वर येताना परत बाहेर ढकलतो. बस हलायच्या आधीच निम्मे लोक उतरून गेले, तशी गत. मग आयडलिंग लंगडतं, खालचा जोर जातो. आमच्याकडे उसाच्या गाडीमागे ताशी १५ किलोमीटरने मैलभर जावं लागतं. तिथे रॉकेटचा काय उपयोग, हा प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता.

विचारला नाही. उलट वहीत कॅमचं चित्र काढलं. नाकाची उंची वाढवता येत नसेल तर मागचं गोल अंग घासून बारीक करावं, कारण वॉल्व्ह किती उचलला जाणार हे नाक आणि गोल अंग यांच्यातल्या फरकावर ठरतं. भूमितीने ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. उस्तादांना चित्र दाखवलं. त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, "क्याम कू हात नक्को लगाव, मास्तर." कारण विचारलं तर हसले. मला वाटलं, शिकलेल्या माणसाशी वाद नको म्हणून गप्प बसले.

एका लेथवाल्याकडून मी दोन्ही कॅम माझ्या मापाने ग्राइंड करून घेतले. मी सांगितलं तेवढंच त्याने केलं, त्याचा काही दोष नाही. पहिले दोनशे किलोमीटर मी गावभर सांगत सुटलो होतो. चारशेच्या आसपास, उमरग्याहून परतताना, उजव्या बाजूने टक् टक् आवाज सुरू झाला. आधी वाटलं टॅपेट सैल झाला. थांबून घट्ट केला. दहा किलोमीटरवर पुन्हा सैल. तिसऱ्यांदा झाकण उघडलं तेव्हा बोटाला लागलेल्या तेलात चांदीसारखी भुकटी चमकत होती.

झालं होतं असं: कॅमचं पोलाद आतून मऊ ठेवलेलं असतं, म्हणजे धक्क्याने फुटू नये, आणि वरून त्याला एक कडक कातडी दिलेली असते. ती कातडी पातळ असते, जेमतेम मिलिमीटरभर. मी ती एका बाजूने सोलून काढली होती. उस्तादांनी नंतर कानस घेतली आणि कॅमवर टेकवून ओढली. चांगल्या कॅमवर कानस काचेवरून घसरावी तशी घसरते. माझ्या कॅमच्या अंगात ती चावली. ते काहीच बोलले नाहीत, फक्त कानस माझ्या हातात दिली. तेलातल्या त्या भुकटीने टायमिंगच्या झाकणातल्या ऑइल पंपाच्या दट्ट्यांवरही ओरखडे पाडले होते. बुलेटच्या कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला त्या काळी रोलर बेअरिंग नसे, तरंगता बुश असे. त्याचा सगळा जीव तेलाच्या पातळ थरावर. तो वाचला, हे माझं नशीब.

जुने कॅम हैदराबादच्या राणीगंजात फिरून मिळवले. ठेवले ते मात्र मोजून. प्लायवुडची चकती कापली, तिच्यावर ३६० अंशांचा कागद डकवला, डाव्या बाजूचं प्रायमरीचं झाकण काढून ती क्रँकच्या टोकाला बसवली आणि तारेचा काटा केला. माथा नक्की कुठे आहे, हे डोळ्याने कळत नाही, कारण तिथे पिस्टन काही अंश हललेलाच दिसत नाही. म्हणून प्लगच्या भोकातून अडसर घालायचा, क्रँक एका बाजूने हळूच टेकवून आकडा घ्यायचा, दुसऱ्या बाजूने टेकवून घ्यायचा आणि दोन्हींचा मध्य काढायचा. हे पाचवीचं गणित, पण मापं घेण्याचं धैर्य साठाव्या वर्षी आलं. अण्णांचे मूळ कॅम मी नासवण्याआधीच झिजले होते का, याचं उत्तर आता मिळणार नाही. राणीगंजच्या पहिल्या जोडीत ३० च्या जागी २५ आणि ६० च्या जागी ५४ भरले, म्हणून ती परत केली. दुसरी एखाद्या अंशाच्या फरकाने कंपनीच्या पुस्तकाशी जुळली. तीच बसवली. कॅमपुरता माझा उद्योग तिथे संपला.

घरी खरं काम करण्यासारखं आहे ते हेडमध्ये. तिथे मी वर्ष काढलं आणि एका दिवसाचाही पश्चात्ताप नाही.

बुलेटचा बोअर बिडाचा, पण हेड अॅल्युमिनियमचं. ते काढून टेबलावर आडवं ठेवलं, दोन्ही वॉल्व्ह बसलेले असताना पोर्टमध्ये, म्हणजे वॉल्व्हपर्यंतच्या हवेच्या वाटेत, रॉकेल ओतलं आणि घड्याळ लावलं. मिनिटाच्या आत वॉल्व्हच्या कडेने रॉकेल पाझरायला लागलं. म्हणजे इंजिन दाब धरत नव्हतं. ओढत नाही, ओढत नाही म्हणून मी चार वर्षं जी तक्रार केली, तिचं अर्धं कारण हे एवढंच होतं. खेड्यातल्या कुठल्याही पंपवाल्याला हे कळलं असतं. आमच्याकडे विहिरीवरची डिझेल इंजिनं होती तेव्हा वॉल्व्ह घासणं हे दर दोन हंगामांचं काम असे.

वॉल्व्हच्या दांड्याभोवतीचं गाइड झिजलं असेल तर आधी ते बदलावं, नाही तर वॉल्व्ह डुलतो आणि घासलेली सीट आठवड्यात बिघडते. गाइड काढायला हेड तापवावं लागतं, म्हणजे अॅल्युमिनियम फुगतं आणि पकड सोडतं. घरातली शेगडी मिळाली नाही. "उद्या तिच्यावर भाकरी भाजायची आहे," एवढ्यावर तो विषय संपला. परसातल्या चुलीवर तापवलं. थुंकी टाकली की चर्र करून उडते, तेवढं.

मग सीट. वॉल्व्हची आणि सीटची कड ४५ अंशांत कापलेली असते. वॉल्व्ह पेस्ट लावायची, रबरी वाटीची काठी वॉल्व्हला चिकटवायची आणि रवी फिरवावी तशी दोन तळव्यांत फिरवायची. मधेमधे उचलून जागा बदलायची. आधी जाड पेस्ट, मग बारीक. काम झालं की सीटवर करडी, एकसारखी, न तुटलेली कडी दिसते. ती खूप रुंद झाली तर दाब विखुरतो, खूप अरुंद झाली तर वॉल्व्हची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि धुराचा वॉल्व्ह जळतो. रॉकेल पुन्हा ओतलं. रात्रभर थेंब पडला नाही.

आता पोर्ट. पोरं म्हणतात, आरशासारखं पॉलिश करा, भोक मोठं करा. मी शाळेच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलेला माणूस, ऐकून कसं पटणार? मुलगी पुण्याहून एक व्हॅक्यूम क्लीनर टाकून गेली होती. तो हेडला जोडला, मधे काचेची यू आकाराची नळी लावली आणि तिच्यात कुंकवाचं पाणी भरलं. दोन भुजांतल्या पाण्याच्या उंचीचा फरक म्हणजे हवेला होणारी अडवणूक. फरक जितका कमी, तितकी वाट मोकळी. वॉल्व्ह एका बोल्टने एकेक मिलिमीटर खाली दाबत गेलो आणि वहीत आकडे लिहीत गेलो. हेच काम इंग्लंडात हॅरी वेस्लेक नावाच्या इंजिनिअरने मोठ्या यंत्रांवर केलं आणि त्यावर मोठमोठ्या मोटार कंपन्यांची हेडं सुधारून दिली. माझं यंत्र पोरखेळ होतं, पण एकाच दिवशी, एकाच क्लीनरवर, आधी आणि नंतर मोजायला तेवढं पुरतं.

तीन गोष्टी दिसल्या. कार्ब्युरेटरच्या नळीचं तोंड आणि हेडच्या पोर्टचं तोंड जुळत नव्हतं, गॅसकेटजवळ उंबरठ्यासारखी पायरी होती. ती गोल कानशीने उतरवल्यावर पाणी हललं. सीटच्या लगेच खाली, जिथे हवा वळते, तिथे ओतकामाची एक धारदार कड होती. ती फक्त गोलसर केली, आणि पाणी सगळ्यात जास्त तिथे हललं. शेवटी दोन दिवस खपून पोर्टला पॉलिश केलं. पाणी ढिम्म हललं नाही.

आणखी एक गमतीची गोष्ट. वॉल्व्ह त्याच्या व्यासाच्या चौथ्या भागाइतका उघडला, की त्यापुढे कितीही उघडा, फारसा फरक पडेना. हे नंतर कागदावर मांडून पाहिलं. वॉल्व्हच्या कडेने हवेला जी वाट मिळते तिचं क्षेत्रफळ म्हणजे परीघ गुणिले उचल. भोकाचं क्षेत्रफळ म्हणजे व्यासाच्या वर्गाच्या चौथ्या हिश्श्याला पायने गुणलं ते. दोन्ही सारखी होतात तेव्हा उचल बरोबर व्यासाच्या चौथाई असते. त्याच्या वर कॅम कितीही उंच करा, हवा भोकापाशीच अडणार. म्हणजे मी कातडी सोलून कॅमची जी उचल वाढवली होती, तिचा मोठा भाग तसाही वायाच जाणार होता. उस्तादांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मैं क्या बोला था?"

उरला दाब. त्या काळचं पेट्रोल हलकं असायचं, म्हणून बुलेटला साडेसहास एक एवढाच दाब दिलेला. हेडच्या पोकळीवर छिद्राची प्लास्टिकची पट्टी ठेवून औषधाच्या दुकानातल्या सिरिंजने तेल भरलं, गॅसकेट आणि पिस्टनवरची जागा धरून एकूण ६३ घन सेंटिमीटर भरली. ३४६ भागिले ६३, अधिक १, म्हणजे ६.५. पुस्तक खरं बोललं. सव्वासातपर्यंत न्यायचं तर हेडचे जवळजवळ २ मिलिमीटर उतरवावे लागतात. तेवढी छाती झाली नाही. ०.८ उतरवले, तीन घन सेंटिमीटर कमी झाले आणि दाब पावणेसातच्या थोडा वर गेला.

आणि इथे भाकरी येते. हेड खाली आलं की वॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. माथ्याजवळ दोन्ही दारं उघडी असताना पिस्टन वर येत असतो. अंतर चुकलं तर दोघांची टक्कर होते आणि इंजिनाचा चुरा. पिस्टनवर मऊ गोळी ठेवायची, हेड नेहमीसारखं आवळायचं, प्लग काढून हाताने क्रँकचे दोन पूर्ण फेरे द्यायचे, हेड काढायचं आणि दबलेल्या गोळीची जाडी मोजायची. दोन मिलिमीटरच्या खाली आली तर पुढे जाऊ नये. मी आधी गव्हाची कणीक वापरली. ती दबते, पण चिवट असल्याने थोडी परत उसळते आणि माप खोटं देते. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नाही, ते दबलं तिथेच राहतं. वर तेलाचं बोट लावायचं म्हणजे वॉल्व्हला चिकटत नाही. मला आत घेणाऱ्या वॉल्व्हखाली २.६ आणि धुराच्या खाली ३.१ मिळाले.

परदेशातही हे काम असंच परसात झालेलं आहे. न्यूझीलंडच्या इन्व्हरकार्गिलमधल्या बर्ट मन्रोने १९२० ची इंडियन स्काउट विकत घेतली आणि पुढची चाळीसहून अधिक वर्षं तिच्यावर घालवली. जुन्या डब्यांत पिस्टन ओतले, हेड स्वतः बनवलं, कॅम स्वतः केले. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर त्याने त्याच गाडीवर ताशी १८४ मैलांचा विक्रम केला. त्याच्या खोलीत एक फळी होती, तिच्यावर फुटलेले पिस्टन, वाकलेले रॉड मांडून ठेवलेले. लोक त्याचा विक्रम सांगतात, मी पोरांना ती फळी सांगतो.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण लोकांना ती पैसे खर्च झाल्यावर कळते. २०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेजचा वेगळा नियम केला. नवी नोंदणी २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, पुढे नूतनीकरणाला ५ हजार. पण अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. त्याआधी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं होतं, की कंपनीच्या मूळ मापांपासून हटून गाडी बदलता येणार नाही. वॉल्व्ह घासणं ही दुरुस्ती. मोठ्या बोअरचं किंवा शर्यतीच्या कॅमचं इंजिन ही वेगळी गोष्ट. व्हिंटेजची पाटी हवी असेल त्यांनी आधी नियम वाचावा, मग कानस उचलावी. माझं मूळ गॅसकेट, जेट आणि ते नासलेले कॅम तेलाच्या फडक्यात बांधून अण्णांच्या ट्रंकेत आहेत.

आता उड्डाणपूल ती चौथ्यात चढते. लिटरला ३० किलोमीटरच्या आत द्यायची, आता ३५ ला टेकते. आवाज तोच राहिला, आणि खरं सांगायचं तर मला तोच हवा होता.

हायवेने जाताना राजेश्वरला थांबलात तर घर कोणीही दाखवेल, चहा होईल. जुनी बुलेट घेऊन आलात तर टॅपेटही बघून देईन. फक्त रात्री मुक्कामाच्या तयारीने या. कास्ट आयर्न बुलेटचे टॅपेट इंजिन पूर्ण थंड असतानाच लावायचे असतात, आणि सोलापूरहून आलेलं इंजिन आमच्याकडच्या उन्हाळ्यात पहाटेशिवाय थंड होत नाही.